अक्षता लागलेलं दार

मित्रांनो, गाडीतून उतरल्यावर तुम्ही दार धाडकन आपटता ना? त्या दाराला जन्म देणारी मी! मी एक जुनी डाय आहे. डाय म्हणजे पोलादाचा साचा. माझा अर्धा भाग खाली, अर्धा वर आणि मध्ये साधा सपाट पत्रा. प्रेसने वरून एकच दणका दिला की पत्र्याचं दार होतं. ते गोल वळण, ती हँडलची खोबण, सगळं आधी माझ्या अंगावर कोरलेलं असतं. मला त्याचा थोडा गर्व आहे. असू दे की!

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका लहान गावातला. तिथे एल्मोर नावाची कंपनी छोट्या, गोंडस गाड्या बनवायची. तिथल्या कारागिरांनी मला घासून घासून इतकं चकचकीत केलं, की त्यांना माझ्यात स्वतःच्या मिशा दिसत. मग माझ्या कुशीला पितळी पाटी बसवली, ‘एल्मोर’. मला वाटलं, हेच आपलं जन्मभराचं नाव.

पण एल्मोरच्या गाड्या खपेनात. कोरियातल्या सोन्हा नावाच्या मोठ्या मोटार कंपनीने एल्मोर विकत घेतली. सोन्हाची वाढायची रीतच तशी होती. ज्या देशात आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथलं ओळखीचं नावच विकत घ्यायचं! त्यांनी नाव घेतलं आणि नावासोबत मी आंदण गेले. एक माणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, जुनी पाटी काढली, सोन्हाची लावली. लग्नात मुलीचं नाव बदलतात ना, अगदी तसं. फक्त वाजंत्री नव्हती.

कोरियातल्या कारखान्यात माझ्याहून नव्या, चपळ डाय होत्या. थोडे दिवस काम केल्यावर मला मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं. खरं सांगते, त्या अंधारात दुसऱ्या कशाचं नाही, पण कोणी हात लावत नाही याचं फार वाईट वाटायचं.

मग नव्वदचं दशक आलं. परदेशी मोटार कंपन्या भारतात येऊ लागल्या. सोन्हाला इथे छोटी गाडी काढायची होती, तेव्हा कुठे माझी आठवण झाली! पेटीत बसून, समुद्र ओलांडून मी न्हावाशेवा बंदरात उतरले आणि ट्रकने खाडीजवळच्या महापेला आले, नंदकिशोर शेठच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या कारखान्यात.

पेटी उघडली ती झहूरभाईंनी. ते रायगडच्या किनाऱ्यावरचे. कुवेतमध्ये बरीच वर्षं नोकरी केली होती. त्यांची मुलगी आफरीन त्यांना फोटोतूनच ओळखायची. सुट्टीवर घरी आले तर ती दाराआड लपली. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, आता परत जायचं नाही. माझ्यावरचा गंज पुसताना ते म्हणाले, “तू पन परदेस फिरून आलीस, मी पन. आता दोघं हितंच राहू, काय?”

राहणं मात्र आमच्या हातात नव्हतं. सोन्हाचे चो साहेब पहिलं दार बघायला येणार होते. पसंत पडलं, तर भारतातल्या सगळ्या गाड्यांची दारं महापेत बनणार. नाही पडलं, तर मी थायलंडच्या कारखान्यात आणि झहूरभाई पुन्हा कुवेतला.

खाडीची हवा खारट. म्हणून झहूरभाई रोज संध्याकाळी मला पुसून तेलाचा हात फिरवायचे. इतकं माझं कोणी केलं नव्हतं.

चो साहेब येणार होते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि दसऱ्याला तर शॉपमध्ये मशीनची पूजा! प्रेस चालवणारे हिरामणदादा नावडे गावाहून सगळं घर घेऊन आले. झेंडूची तोरणं, पेढे, पोरांचा गोंधळ. हिरामणदादांच्या बायकोने, भागीरथीकाकूंनी, मला पाहिलं आणि कानशिलांवर बोटं मोडली.

“परदेशातून आयली हाय माजी बाय! कोनी दृष्ट काडली का नाय हिची?”

बाय! मित्रांनो, माझ्यावर पाट्या दोन लागल्या होत्या, पण मायेची हाक ही पहिलीच. मी हरखून गेले. तेवढ्यात काकूंनी माझ्या चकचकीत तोंडावरच हळदकुंकू लावलं आणि मूठभर अक्षता टाकल्या.

झहूरभाई ओरडले, “अवो वैनी, तोंडावर नको! बाजूला टाका, बाजूला!”

“मंग काय पाठीवर टाकू? कुंकू कपालालाच लावतान!”

सगळे हसले. झहूरभाईंनी फडकं काढलं, तर हिरामणदादांनी त्यांचा हात धरला. “आज नाय, झहूरभाय. आजची पूजा उद्या पुसाची. आज मशीनला हात लावाचा नाय.” आता दोस्ताच्या सणात वाद कोण घालणार? झहूरभाईंनी फडकं खिशात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी चो साहेब वेळेआधीच हजर! ते शेठच्या केबिनमध्ये चहा घेत होते, तोवर झहूरभाईंनी घाईघाईने मला पुसलं. कुंकू गेलं, अक्षता गेल्या. पण ओल्या कुंकवाला चिकटलेला एक दाणा हँडलच्या खोबणीत तसाच राहिला. मला टोचत होता हो! पण मी बोलणार कशी?

दणका बसला. दार बाहेर आलं. झहूरभाईंनी त्याच्यावरून हात फिरवला आणि हात थांबला. हँडलजवळ तांदळाएवढा पोचा.

शेठनेही तो पाहिला. ते कुजबुजले, “हे मागे टाक. दुसरं ठोक आणि तेच पहिलं म्हणून दाखव.”

“शेठ, ते पहिलं दार बघाय आलेत.”

“अरे येड्या, काम गेलं तर तुझंच कुवेतचं तिकीट निघेल!”

“म्हाईत हाय,” झहूरभाई म्हणाले. त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

इतक्यात चो साहेब आलेच. झहूरभाईंनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग सरळ साहेबांचं बोट धरून त्या पोच्यावर ठेवलं. “राइस, सर.”

“राइस?”

हिरामणदादा घाईने पुढे झाले. “पूजा, सर! मशीन इज अवर मदर!”

चो साहेबांनी बॅटरी घेऊन माझ्या खोबणीत डोकावून पाहिलं आणि नखाने तो चिरडलेला, लाल दाणा काढला. साहेब मोडक्या इंग्रजीत सावकाश म्हणाले, “आमच्याकडेही नव्या मशीनला तांदळाची वडी ठेवतात. पण मशीनच्या समोर. तोंडात नाही.”

आणि ते हसले! त्यानंतर जो हशा उठला, तो माझ्या दणक्याहून मोठा होता.

पण ते दार त्यांनी नापासच केलं. कोट काढला, फडकं मागितलं आणि झहूरभाईंसोबत मला कानाकोपऱ्यातून पुसलं. मग दिवसभर दारं ठोकून घेतली, प्रत्येकावर स्वतः हात फिरवला. एकावरही डाग नाही. निघताना शेठना म्हणाले, “डाय इथेच राहील. आणि चूक माझ्या बोटाला दाखवणारा हा माणूसही इथेच पाहिजे.”

झहूरभाईंनी त्या संध्याकाळी मला एकदा नाही, दोनदा तेल लावलं.

मित्रांनो, मला दोन कंपन्यांनी आपलं नाव दिलं, त्यांचे आभार. पण मला घर दिलं ते महापेच्या या हातांनी. तुमच्याकडेही सायकल असेल, शिलाई मशीन असेल. त्यांची पूजा वर्षातून एकदा जरूर करा, पण फडकं रोज मारा. आम्हाला बोलता येत नाही, तुमचा हात फिरला की सगळं कळतं.

आणि त्या पोचा पडलेल्या दाराचं काय झालं? ते भंगारात गेलं नाही. झहूरभाईंनी ते माझ्यासमोरच्या भिंतीवर टांगलंय. दर दसऱ्याला मला फक्त बाजूने एक झेंडू मिळतो. अक्षता त्या दारावर पडतात. भागीरथीकाकू मूठ भरून टाकतात, त्यांच्याजवळ उभी राहून आफरीनही टाकते. आता ती कोणत्याच दाराआड लपत नाही.