बारा रॉकरांचं झाकण

मी टॅपेट कव्हर बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका, मी कुणी मोठा साहेब नाही. जुन्या डिझेल ट्रकचं बॉनेट उघडलंत, की इंजिनाच्या माथ्यावर दीडएक हात लांबीचं काळपट, तेलकट झाकण दिसतं ना, तोच मी. माझ्या डोक्यावर एक गोल तोंड आहे आणि त्यातून इंजिनाला तेल पाजतात. म्हणजे तोंड माझं आणि पोट दुसऱ्याचं. तक्रार नाही, सांगितलं आपलं.

एका कारखान्यात पत्र्याचा तुकडा म्हणून मी पडून होतो. वरून प्रेसचा एक दणका बसला आणि मी झाकण झालो. विचार करायलाही वेळ मिळाला नाही. मग कुणीतरी माझ्या काठाला आठ भोकं पाडली, रंग दिला आणि मला एका नव्याकोऱ्या इंजिनावर उपडं घालून आठ बोल्टांनी बसवून टाकलं. मला वाटलं, संपलं, आता जन्मभर अंधार.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

माझ्याखाली बारा रॉकर होते. रॉकर म्हणजे बोटभर लांबीचे जाडजूड लोखंडी दांडके, एका आडव्या शाफ्टवर ओळीने बसलेले. खालून एक सळई वर ढकलते, तसा रॉकर मान हलवतो आणि दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह दाबतो. व्हॉल्व्ह उघडला की हवा आत येते, नाहीतर धूर बाहेर जातो. काम एवढंच. पण गाडी पळू लागली की एकेकाने मिनिटाला हजारदा मान हलवायची, आणि तीही आपली पाळी आल्यावरच. कुणी घुसत नाही, कुणी मागे राहत नाही. माणसांच्या रांगा मी पुढे बऱ्याच पाहिल्या, म्हणून सांगतो, हे सोपं नाही.

शाफ्टच्या पोटातून गरम तेल वर यायचं, त्यांच्या सांध्यांतून झिरपायचं, उडून माझ्या आतल्या अंगाला लागायचं आणि थेंबथेंब परत त्यांच्यावर पडायचं. मी थक्क होऊन बघत राहिलो. इतकी वर्षं झाली, अजूनही बघतोच आहे. ते तेल बाहेर सांडू द्यायचं नाही, हे माझं काम. माझा काठ आणि इंजिन यांच्यामध्ये पॅकिंगची पट्टी असते, तिच्यावर मी घट्ट बसायचं. बस, याहून जास्त कुणी माझ्याकडून कधी मागितलं नाही.

मालक दोन झाले. पहिल्याचं फारसं आठवत नाही, तो बॉनेट उघडायचाच नाही. दुसऱ्या मालकांनी मात्र ट्रक पोटच्या लेकरासारखा सांभाळला. अकरा वर्षं चालवला आणि मग त्यांच्या पाठीने दगा दिला. मणक्यातली चकती सरकली. डॉक्टर म्हणाले, कडक जमिनीवर पातळ सतरंजी टाकून पडून राहायचं. मालक पडले ते पुन्हा नीट उठलेच नाहीत आणि ट्रकही दारात उभा राहिला.

तेव्हा मालकीणबाईंनी किल्ली उचलली. त्यांना गाडी शिकवली त्यांच्या थोरल्या भावाने. भाऊ म्हणजे गावातला नावाजलेला मिस्त्री, सगळे त्याला वस्ताद म्हणतात. डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर रुसलाय ते तो सांगायचा. हात तर असा, की लोक म्हणत, वस्तादने आवळलेलं वस्तादलाच सुटतं. त्यालाही ते ऐकायला आवडायचं.

मला मात्र त्या हाताची धास्ती होती. पहिल्यांदा त्याने मला बसवलं, तेव्हा आठही बोल्टांवर दात-ओठ खाऊन जोर लावला. सहा महिन्यांत माझ्या काठाखालून तेल पाझरायला लागलं. त्याने नवं पॅकिंग घातलं आणि आणखी आवळलं. पुन्हा पाझरलं. पुन्हा आवळलं. मालकीणबाई बॉनेट उघडून बघायच्या, तेलाचा ओघळ चिंधीने पुसायच्या आणि काही न बोलता बॉनेट लावायच्या. दुसऱ्या गॅरेजात जायचा प्रश्नच नव्हता. सख्खा भाऊ मिस्त्री असताना बहिणीची गाडी परक्याच्या दारात दिसली, तर गावाने काय म्हणायचं? आणि भावाने?

यंदा जुने रॉकर झिजले, तेव्हा वस्तादने ठरवलं, आता चांगल्यातले घालायचे. नव्या रॉकरांच्या टोकाला छोटं चाक असतं. जुने व्हॉल्व्हवर घासत जायचे, हे गडगडत जातात. वस्तादने त्या दिवशी जे काम केलं, ते बघून माझी बोलतीच बंद झाली. नवे रॉकर जरा उंच होते, ते माझ्या डोक्याला आतून लागतील की काय, म्हणून त्याने माझ्या आत ओल्या मातीच्या गोळ्या चिकटवल्या, मला नुसतं वर ठेवलं आणि इंजिन हाताने फिरवलं. मग मला काढून माती सुरीने कापली आणि किती जाडी उरली ते मोजलं. तांदळाच्या दाण्याएवढी जागा होती. मग केसासारखी बारीक पोलादी पाती घालून बाराही जणांच्या आणि व्हॉल्व्हच्या मधल्या फटी लावल्या. एक मनासारखी बसेना, ती पाच वेळा लावली.

"बघ," तो बहिणीला म्हणाला, "आता तुझी गाडी चढावर गात जाईल."

मग माझी पाळी आली. "झाकणच तर आहे," म्हणाला आणि पाना घेऊन नेहमीसारखा दात-ओठ खात सुटला. इतकं बारीक काम करणारा माणूस माझ्यापाशी आला की पैलवान का होतो, हे कोडं मला सुटलं नाही.

गाडी खरंच गात गेली. चौथ्या खेपेला पाण्याचे लोखंडी पाइप भरून मालकीणबाई डोंगरावरच्या वस्तीकडे निघाल्या. चढ अर्धा संपला असेल. माझ्या डाव्या काठाखालून तेल ओघळलं आणि खालच्या तापलेल्या एक्झॉस्टच्या पाइपावर पडलं. आधी धूर झाला, मग वीतभर ज्वाळ उठली.

त्यांनी गाडी थांबवली, उतरून चाकामागे दगड लावला, बॉनेट उघडलं आणि रस्त्याकडेची माती ओंजळीने फेकत राहिल्या. आग विझली. बाई दगडावर बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. मला खूप अपराधी वाटलं. झाकणाला रडता येत नाही, नाहीतर मीही रडलो असतो.

पुढचं मला कसं ठाऊक? तर गाडी कशीबशी परत आली आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी पान्याला हातभर पाइप लावून, लटकून लटकून माझे बोल्ट सोडवले आणि रॉकेलने धुवायला मला घरी आणलं. भाऊ परत नवं पॅकिंग घालणार होता, निदान कव्हर तरी स्वच्छ द्यावं म्हणून. धुऊन मला फरशीवर ठेवलं. शेजारी सतरंजीवर मालक पडलेले.

"भुवई कुठे गेली?" मालकांनी विचारलं.

"कुठे जाईल? आहे की."

"डावी आहे. उजवी कुठे गेली?"

मग बाईंना सगळं सांगावं लागलं.

"गाडी आजपासून उभी," मालक म्हणाले. "नाहीतर दुसऱ्या गॅरेजात दाखव."

"उभी करायची नाही. आणि दुसरीकडे नेली तर दादा मला जन्मात तोंड दाखवणार नाही. तुम्ही असे पडलात तेव्हा स्टिअरिंग त्याने माझ्या हातात दिलं. बाकी सगळे नावं ठेवत होते."

"म्हणून काय जळून मरायचं? मला ट्रक नको, तू हवीस."

त्या चिंधीने माझा काठ पुसत राहिल्या. मालकांनी रागाने कूस बदलली आणि त्यांचं तोंड माझ्याकडे झालं. माझ्यापलीकडे उघडं दार होतं, दारात ऊन. ते एकदम म्हणाले, "अगं, इकडे ये."

"हात भरलेत माझे."

"भरू देत. इथे माझ्या बाजूला झोप."

"अहो, दार उघडं आहे!"

"उघडं आहे म्हणूनच दिसतंय. झोप आधी!"

बाई लाजत, चिडत फरशीवर आडव्या झाल्या. माझ्या काठाखालून उजेड येत होता. बोल्टाच्या भोकांपाशी मी जमिनीला टेकलो होतो आणि दोन भोकांच्या मधे सगळीकडे अधांतरी.

"आवळून आवळून वाकवलंय," मालक हळूच म्हणाले. "जितका जोर, तितकी फट."

मी काय सांगू तुम्हाला! आजवर शेकडो माणसांनी मला वरून पाहिलं. कमरेवर हात ठेवून "हं" म्हणाले, चहाचा ग्लास माझ्या डोक्यावर ठेवला आणि गेले. जो माणूस उठून बॉनेटपर्यंत येऊ शकत नव्हता, त्याला माझं दुखणं दिसलं. मला गहिवरून आलं.

बाई मला खांद्यावर घेऊन गॅरेजात गेल्या. "दादा, जमिनीवर झोप," म्हणाल्या.

"वेड लागलं का तुला? गिऱ्हाईक उभं आहे."

"राहू दे उभं. तू झोप."

वस्ताद कुरकुरत आडवा झाला, गाल फरशीला लावला आणि त्यालाही उजेड दिसला. मग म्हणाला, "फरशी वाकडी असेल." उठून त्याने मला लोखंडी सपाट पाटावर ठेवलं आणि पुन्हा डोळा लावला. उजेड तिथेही होता. तो वाकला तो वाकलेलाच राहिला.

"किती वर्षं मी हे असंच आवळतोय?"

"सात."

"माझ्या हाताने थांबत नाही, असं बोलली का नाहीस?"

"तू दर वेळी इतका जीव लावून आवळायचास, कसं बोलणार?"

त्याने मान वर केली आणि तेव्हा त्याला ती भुवई दिसली. "हे काय?" त्याने विचारलं आणि बाईंनी सांगितलं. वस्ताद खाली बसला. "मला वाटायचं जोर कमी पडतोय," एवढंच म्हणाला. इतका मोठा माणूस इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

त्या दुपारी त्याने दुसरं काम घेतलं नाही. लाकडी हातोडीने माझा काठ टक टक ठोकून सरळ करत बसला. चार ठोके घालायचे, की गाल पाटाला लावून उजेड बघायचा, परत चार ठोके. उजेड पार बुजल्यावर मला इंजिनावर नेलं, रबराचं पॅकिंग घातलं, कोपऱ्यांना तेवढं चिकट पेस्टचं बोट लावलं आणि बोल्ट बोटांनी फिरवून टेकवले. मग पाना उचलला आणि तसाच थांबला.

"तू आवळ," त्याने पाना बहिणीपुढे धरला. "माझ्या हाताला थांबायचं कुठे, ते येत नाही."

"मला तरी कुठे येतं?"

"तुझ्यात जोर नाही, तेच बरं आहे."

"दाखवू का जोर?" बाई हसल्या, पण डोळे भरले होते. त्यांनी मधल्या बोल्टांपासून सुरुवात केली, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. पॅकिंग जरासं दबलं की वस्ताद म्हणायचा, "बस." आठ बोल्ट, आठदा "बस." हा शब्द मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

आणि आज, आत्ता, आम्ही डोंगरावर पोचलोय. तेच लोखंडी पाइप, तोच चढ, वर कडक ऊन. माझ्याखाली बारा जण अखंड डोलत होते आणि मी प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरून बसलो होतो. बाईंनी इंजिन बंद केलंय, बॉनेट उघडलंय. आता त्या माझ्या काठाखालून बोट फिरवतायत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोट उन्हात धरून बघितलं. मग फोन लावला. पलीकडून हॅलो नाही की काही नाही.

"ओलं?"

"कोरडं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग वस्तादचा नेहमीचा दरडावणारा आवाज, "मग थांबलीस कशाला? गाडी खाली कर आणि दाजींना फोन कर. सकाळपासून चार वेळा मला विचारून झालंय त्यांचं!"

बाई हसतायत, भुवईचे नवे कोवळे केस चोळतायत. मी म्हातारा आहे, रंग गेलाय, ठोकल्याच्या खुणा अंगावर आहेत, पण असा आनंद मला नवा होतो तेव्हाही झाला नव्हता. तुम्हाला हात जोडून एवढंच मागतो, अर्थात हात असते तर जोडले असते: आमच्यासारख्याचं कधी गळायला लागलं तर लगेच पाना उचलू नका. आधी जरा खाली वाकून बघा.

बॉनेट लागतंय. त्या बारा जणांना माझ्यावाचून करमत नाही. बरंय, येतो.