भरावावरचं पाडस

शिवकन्येच्या पत्राला राजानंद सरांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला दहा महिने होत आले होते. पत्र जाफराबादहून आलं होतं. लग्न होऊन ती तिकडे गेली. त्याआधी कुंभार पिंपळगावच्या शाळेत सरांच्याच हाताखाली शिकली होती. ‘सर, तुम्ही फोनवर बोलायला लाजता म्हणून लिहिते. आबांना हरणाच्या शिकारीत धरलंय. तुम्ही कालव्याच्या भरावावर होतात, असं आबा म्हणतात. जे पाहिलं तेवढं चार ओळींत लिहून द्या.’

चार ओळी. जन्मभर मुलांना निबंध शिकवलेल्या माणसाने त्या चार ओळींचे किती खर्डे केले आणि फाडले. कधी वाटे भाषा जड झाली, कधी वाटे आपल्या शब्दाला विचारतो कोण. ही निमित्तं आहेत, हे त्यांनाही कळत होतं.

गेल्या सप्टेंबरात तीन दिवस पाऊस कोसळला आणि गोदावरी शिवारात शिरली. सरांच्या घरात गुडघाभर पाणी झालं. शेजारच्या तातेरावाने त्यांची सगळी पुस्तकं डोक्यावरून माळवदावर नेली. “सर, ह्यातली निम्मी तरी वाचलीत का? का माझा उगं हमाल करून राह्यलात?” असं वर चिडवलंही.

पाणी ओसरल्यावर सर भरावावर गेले. खाली काळ्या रानात हरणांचा कळप अडकला होता. त्या गाळात माणूस पोटरीपर्यंत जातो; हरणाचे बारीक खूर तर सुरीसारखे आत शिरतात. एरवी नजरेला न सापडणारं जनावर उडी घ्यायला जाई आणि तिथंच बसे. अशा वेळी बंदूक लागत नाही, काठ्या आणि कुत्री पुरतात. आठ-दहा जण रानात पसरले होते. सगळ्यांच्या पुढे तातेराव होता.

तेवढ्यात दुसऱ्या अंगाने शिवकन्येचे वडील, गोरक्षनाथ, गाळात उतरले. मेंढरं राखणारा माणूस. त्यांनी एक पाडस उपसून काढलं आणि ओढ्यातून कोकरू नेतात तसं मानेभोवती घेतलं, दोन पाय या हातात, दोन त्या हातात. कुणीतरी लांबून फोटो काढला तो त्याच वेळी. पुढे गावभर फिरला, आणि शिकारी ठरले गोरक्षनाथ.

पाडस त्यांनी सरांच्या पायाशी ठेवलं. “सर, एवढं बघा. दुसरं आणतो.”

“मला नाही जमायचं, गोरक्षनाथ.”

“जमायचं काय त्यात? नुसतं म्होरं उभं राह्या. तुम्हाला वलांडून कोन येतंय?”

पाडस सरांच्या पायाला टेकलं होतं. त्याची थरथर पोटरीला कळत होती. मग कुत्री आली, मागून तातेराव.

“सर, बाजूला व्हा.”

“तातेराव, लहान आहे ते.”

“मंग? व्हा बाजूला, कुत्रं चावंल तुम्हाला.” आवाजात राग नव्हता. पुस्तकं नेताना होता तसाच आवाज होता.

सर बाजूला झाले. दोनच पावलं.

गोरक्षनाथ परत आले तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. दुसरं पाडस गाळातच गेलं होतं. त्यांनी भरावावरचं रक्त पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. “तुम्हाला तर न्हाई ना चावलं?” एवढंच विचारलं.

परवा आठवडी बाजारात जामिनावर सुटलेले गोरक्षनाथ कांद्याची पोती उचलताना दिसले. सर तोंड चुकवणार, तोच त्यांनी हाक मारली.

“मेंढरं कुठंयत?” काहीतरी बोलायचं म्हणून सरांनी विचारलं.

“भावाला दिली. तारखांला जालन्याला जावं लागतं. मंग हिंडवणार कोन?” पोतं पाठीवर घेत ते म्हणाले, “शिवकन्येनं तुम्हाला कागद धाडल्ता म्हणं. मनावर घेऊ नका, सर. पोरीची जात, जीव तुटतो.”

त्याच संध्याकाळी सर तातेरावाच्या गोठ्यात गेले. तो म्हशीपुढे कडबा टाकत होता.

“तातेराव, मी लिहून देतोय. तुमचं नाव येईल.”

तातेरावाने पेंढी सोडली, पसरली, हात झटकले. सर जायला वळले तेव्हा तो म्हणाला, “पुस्तकं पाण्यात जाऊ द्यायला पायजे व्हती.”

घरी येऊन सर लिहायला बसले. या वेळी खर्डा केला नाही. ‘पाडस जिवंत होतं. तुझ्या वडिलांनी ते माझ्या हवाली केलं. तातेराव कुत्री घेऊन आले आणि मी बाजूला झालो. हे मी कुठेही येऊन सांगेन. उशीर झाला.’ खाली सही केली. पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून वाचलं नाही.

सकाळी पोस्टाच्या पेटीत पाकीट अर्धं गेलं आणि बोटांनी ते धरूनच ठेवलं. मागे एक बाई पाकीट घेऊन उभी होती.

“सर, टाकायचंय ना?”

“हो,” म्हणून त्यांनी ते सोडलं.