सुशिलाबाईने अंथरलेली सतरंजी

मित्रांनो, मी कुणा एकाच्या घरची नाही. गोंदियात रेल्वे फाटकापलीकडे जी छोटीशी ख्रिस्ती मंडळी आहे ना, तिची मी जुनी सतरंजी. १९९९ साली एका कोष्ट्याने मला मागावर विणलं. निळे-तांबडे पट्टे, जाड सूत, बोटभर झालर. नवी होते तेव्हा मला भारी तोरा होता!

दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असे. पुढची पाळी ज्याची, त्याने आधीच्या घरी जाऊन मला स्वतः आणायचं, असा आमचा रिवाज होता. आता सतरंजी न्यायला आलेल्या माणसाला दारातून कोण परत पाठवतं? चहा होई, दुखणीखुपणी निघत. एकदा सुशिलाबाई आणि तिची मैत्रीण रामकली यांचं गाण्याच्या चालीवरून बिनसलं. बोलणं बंद! पण पाळी आली रामकलीची आणि मी होते सुशिलाबाईकडे. रामकली फुगलेलं तोंड घेऊन आली, हसत हसत परत गेली आणि मला न्यायचंच विसरली.

मुलांच्या वर्गात आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, येशूची एक गोष्ट सांगत. एका लुळ्या माणसाला चौघांनी बाजेसकट उचलून नेलं, छप्पर उघडलं आणि येशूपुढे खाली सोडलं. गोष्ट संपली की चार मुलं माझे चार कोपरे धरत आणि एखाद्या गुबगुबीत पोराला झुलवत. ते पोर खिदळे आणि मला धन्य वाटे.

मग घरोघरी मोबाईल आले. रामकलीच्या नातीने, टीनाने, मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. वाईट काहीच नव्हतं त्यात. नागपूरला नोकरीला गेलेली मुलंसुद्धा प्रार्थनेत सामील होऊ लागली. पण हळूहळू बुधवार गळू लागले. आज ऊन फार, उद्या मुलांची परीक्षा. "ग्रुपवरच करून घेऊ," असं ठरू लागलं. तेव्हा मी सुशिलाबाईच्या घरी होते. मला न्यायला कुणी आलंच नाही. नवरा श्यामलाल वारल्यापासून ती एकटी राहायची. अधूनमधून मला उन्हात टाकायची, झटकायची, गुंडाळून ठेवायची. "नेतील कोनीतरी," म्हणायची.

एका उन्हाळ्यात तिला ताप भरला. तिने ग्रुपवर लिहिलं, "ताप आहे, उठवत नाही. प्रार्थना करा." फोन टुणटुणू लागला. आमेन. आमेन. जोडलेले हात. तिचा चेहरा किती खुलला म्हणून सांगू! भिंत धरत धरत ती उठली. दार नुसतं लोटून ठेवलं, बैठकीत मला अंथरलं, शेगडीजवळ कप मांडले. कप पुरणार नाहीत म्हणून वाट्याही मांडल्या. मग माझ्यावर बसून दाराकडे पाहत राहिली.

कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आमेन तेवढे येत राहिले. एवढ्या जणांपैकी कुणीतरी गेलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं. रामकलीचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिलाही तसंच वाटलं. सुशिलाबाई माझ्यावर आडवी झाली. फोन विझला. पाण्याचा माठ आतल्या खोलीत होता आणि तिथवर तिला सरकता येईना. मित्रांनो, मला हात नाहीत याचं दुःख मला तेव्हा कळलं.

शेवटी रामकली आली. "सुशिला, काऊन फोन बंद ठेवला वं?" म्हणत आत शिरली आणि जागीच थिजली.

सुशिलाबाईने डोळे उघडले. "आली? बस. सतरंजी आंथरलीच हाये."

"अवो माय! मले वाटलं, कोनी ना कोनी आलं असन. मी बी आमेन लिहून बसली वं!"

"बाकीचे मांगून येऊन राहिले का?"

रामकली बाहेर धावली, हाका मारू लागली. गल्लीत गाडी शिरत नव्हती. चौघांनी माझे चार कोपरे धरले आणि सुशिलाबाईला मोठ्या रस्त्यावरच्या ऑटोपर्यंत नेलं. चौघेही मंडळीतले, चौघांनीही आमेन लिहिलेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी फार उशीर झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि ग्रुपवर फुलं, मेणबत्त्या, रडके चेहरे येत राहिले.

आता मी रामकलीकडे असते. दर बुधवारी ती मला काखेत मारून कुणाच्या तरी दारात उभी राहते. "आजी, फोन करून यायचं ना," म्हणून कुणी दारातच बोळवण करतं, तर कुणी आत बोलावतं. मी विरले आहे, झालर केव्हाच गेली. मला जपा असं मी सांगणार नाही. फोनवर कुणाचं दुखणं दिसलं तर आमेन जरूर लिहा, आणि मग चपला घालून निघा. आपल्याआधी कुणी पोचलेलं असलं तर काय बिघडलं? माझ्यावर पुष्कळ जण मावतात.

सुशिलाबाई गेली त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर रामकली तिच्या घरी शेगडीजवळ बसली होती. कप आणि वाट्या कोरड्याच होत्या. तरी ती एकेक घेऊन धूत राहिली.