वहिनींच्या जिभेवरचा काव्हा

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या त्या स्वयंपाकघरात आमटीला उकळी फुटली की वहिनी पळीतला एक थेंब डाव्या तळहातावर घेत, ओठ टेकवत आणि डोळे मिटत. खिडकीबाहेरच्या द्राक्षमळ्यांवरून उतरलेला पिवळसर प्रकाश त्या मिटल्या पापण्यांवर असा थबके, जणू त्यालाही निकाल ऐकायचा असावा. मग पापण्या उघडत. "चिमूटभर मीठ." बस्स. त्या चिमटीने आमटीचं नेमकं काय होई, हे सांगण्याइतकी माझी जीभ संस्कारित नाही. मी आपला ताट संपवणारा माणूस.

तरी वाइनवर व्याख्यान द्यायला मीच पुढे! युरोची नवी नाणी खिशात अजून परकी वाजत होती, त्या दिवसांत मी दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे, काव्ह्याची बाटली घेऊन गेलो. काव्हा म्हणजे स्पेनची फेसाळ वाइन; मी आणली ती कोरडी, गोडव्याचा मागमूस नसलेली.

"दारात द्राक्षं पिकतात आणि हा स्पेनहून पाणी आणतो," दादा म्हणाला.

बाटलीच्या पाठीवरचा मजकूर स्वतःचं ज्ञान म्हणून मी ऐकवत होतो, तोच पुतणी ईरा जर्मनमध्ये किंचाळली, "फोरझिश्ट, काका!" सावध होईपर्यंत बूच दिव्यावर आदळलं होतं.

"भाऊजी, भाषण आटोपलं असेल तर ग्लास द्या इकडे."

उभ्या जन्मात मद्याला न शिवलेल्या वहिनींनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि उठून सरळ कढई चढवली. कोथिंबीर वडी झाली, रवा लावून मासे झाले, खारे बदाम आले. "तळणीचं तेल हा जिभेवरून पुसून नेतो," त्यांनी निवाडा दिला, "पुढचा घास पुन्हा पहिलाच लागतो." ठेच्याशी मात्र जमेना, बुडबुड्यांनी आग अधिकच भडके. त्यानंतरचे कितीतरी शनिवार त्या कढईच्या चुरचुरीत आणि ग्लासातल्या मंद सळसळीत तरंगत गेले.

मग एका शरदात, मळ्यांची पानं तांबडी होत असताना, वहिनींना कर्करोग झाल्याचं कळलं. औषधांनी केस नेले, त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण चव नेली. तळहातावरचा थेंब तसाच, मिटलेले डोळे तसेच, फक्त ते मिटलेपण लांबत गेलं, हाक मारूनही कुणी ओ देत नाही तेव्हा माणूस दाराशी थांबून राहतो तसं.

"अहो, मीठ पडलंय का यात?"

"गेनाऊ! अगदी हवं तितकं," दादा म्हणे. आमटी समुद्र झालेली असे. आम्ही ती मुकाट पीत असू.

घास उतरेना. बांगड्या कोपरापर्यंत घसरू लागल्या. अन्न गेलं नाही तर पुढची औषधं झेपणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हवा तर घोटभर काव्हा चालेल, असंही. "सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि ग्लास ओठांना लावून किंचित हसल्या. "याचीही चव नाही. पण टोचतो. म्हणजे जीभ अजून जागेवर आहे."

गोडावर काव्हा घेऊ नये, हा त्यांचाच नियम; श्रीखंडामागून तो इतका आंबट-कडवट लागतो की चेहराच आक्रसतो. हिवाळ्यातल्या एका राखाडी दुपारी त्यांनी तेच दोन्ही मागितलं. "तोंड वाकडं झालं की समजा, चव परतली."

एक चमचा श्रीखंड. मग ग्लास. दादाने टेबलाची कड घट्ट धरली. आणि वहिनींचा चेहरा आक्रसला. नाक, भुवया, खांदे, सगळं. "शी! काय घाण लागतंय!"

"आली! ईरा, आईची चव आली!" दादा लहान मुलासारखा रडू लागला. ईराने आईला मिठी मारली.

मी समोरच बसलो होतो. वाइन अजून काचेच्या कडेशीही पोचली नव्हती, तेव्हाच तो चेहरा वाकडा झाला होता. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि श्रीखंडाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "संपवा तुम्ही."

मळ्यांना पालवी फुटली तेव्हा त्या नव्हत्या. त्या दुपारी आपल्या घरात आशा आली होती, असं दादा अजून म्हणतो, आणि मी मान डोलावतो. कारण संपत आलेला काळही एखादं माणूस आपल्या वाट्यातून काढून इतरांच्या पानात वाढू शकतं, आणि ते गेल्यावर मागे उरलेल्यांना तो आयुष्यभर पुरवून खावा लागतो.