प्रशीलने दिलेला माणूस

केळी कापणाऱ्या टोळीचा एक रिवाज यावलकडे अजून पाळतात. टोळी सोडणाऱ्यानं नुसतं उठून जायचं नाही, आपल्या जागेवर माणूस देऊन जायचं. तो दिलेला माणूस घड नीट वाहतो की मध्येच बांधावर बसतो, याचं भलंबुरं त्या हंगामापुरतं देणाऱ्याच्या डोक्यावर. झिपरूनानांनी उमेदीचा सगळा काळ टोळीची मुकादमी केली. पुढं वस्तीतली पोरं जमवून त्यांनी फुटबॉलचा क्लब काढला, तेव्हा हाच रिवाज तिथंही नेला. निम्मा संघ टोळीतलाच होता, म्हणून कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

प्रशीलची धुळ्याला राखीव पोलिसात भरती झाली. त्याच्या आईनं घरोघरी पेढे दिले. त्या संध्याकाळी सराव आटोपून सगळे मैदानाच्या कडेच्या निंबाखाली टेकले आणि नानांनी विचारलं, "हं प्रशील, माणूस दे."

प्रशील संघाचा डावा बॅक. यावलच्या डाव्या अंगाला कुलूप आहे, असं पार बोदवडपर्यंत बोललं जायचं. त्यानं बुटाची नाडी सोडता सोडता, मान वर न करता सांगितलं, "तेजस."

आधी कुणाला खरंच वाटलं नाही. मग हशा पिकला. तेजस अंगानं मजबूत, पण पायानं संथ. टोळीतही त्याला पळापळीचं काम नव्हतं. तो ट्रकवर उभा राहून खालून आलेले घड रचायचा. संघात तो राखीव गडी होता.

"अरे भो, तेजस सकाळी निघाला तर दुपारी कॉर्नरला पोचतो!" एकजण म्हणाला.

"जेवणाचा डबा घेऊन निघावं लागीन मले," तेजस स्वतःच म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

हसला नाही तो समाधान. समाधान नानांचा थोरला मुलगा, संघाचा कप्तान आणि गोलसमोरची मधली जागा राखणारा स्टॉपर. वय चौतिशीला आलेलं, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला उभा गडीही दचकावा. तो म्हणाला, "प्रशील, तुले नोकरी लागली, आनंद आहे. पण जाता जाता आमची थट्टा नको करू. हितेंद्र पाह्य. जळगावले शिकून आला, डाव्या पायाचा आहे, वाऱ्यासारखा पळतो. तुह्यासारखाच."

"माह्यासारखा नही तो," प्रशील म्हणाला.

"मंग?"

"माह्याहून चांगला आहे." प्रशील उठला. "नाना, रिवाज आहे म्हणून मी माणूस दिला. घ्यायचा का नही, ते तुम्ही पाहा."

नाना घरी जाताना धुसफुसत होते. पोराच्या मनात काही अढी असावी, जाताना खोडी काढून गेला, असंच त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हितेंद्रच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांशी बोलणं केलं. हितेंद्र केळीच्या बागाईतदाराचा मुलगा, घरचं काही कमी नाही. त्याचे वडील म्हणाले, "खेळू द्या ना नाना, बागेत तरी कुठं लक्ष आहे त्याचं!" अशा रीतीनं क्लब निघाल्यापासून पहिल्यांदा रिवाज मोडला, आणि मोडला तो रिवाज आणणाऱ्यानंच.

धुळ्याला होणाऱ्या फुटबॉल स्पर्धेआधी अजमावून पाहावं म्हणून दोंडाईच्याला एक सामना ठरवला. पहिल्या काही मिनिटांत हितेंद्रनं डोळे दिपवले. चेंडू मिळाला की तो रेघ धरून पुढं निघायचा आणि थेट गोलसमोर क्रॉस टाकायचा. अशाच एका क्रॉसवर यावलचा गोल झाला. नाना हरखले. प्रशीलनं इतक्या वर्षांत असे चार क्रॉसही टाकले नसतील.

पण दोंडाईच्याची पोरं चलाख. हितेंद्र पुढं गेला की त्याच्या मागं उघड्या पडलेल्या जागेत ती लांब चेंडू टाकू लागली. तो चेंडू अडवायला स्टॉपरनं डावीकडं सरकायचं असतं. समाधान वळायचा, धावायचा, पण पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असायचा. एक झाला, दुसरा झाला. रेघेवर उभा एक म्हातारा ओरडला, "हाई दार उघडंच शे ना भो! बठ्ठा गाव आत घुसी राहिना!" लोक खदखदून हसले. सामना संपला तेव्हा यावलच्या जाळीत चार गोल गेलेले होते.

समाधाननं मैदानातच हितेंद्रला धरलं. "बॅक आहे तू, वरात नही काढायची! मांगं कोन राहीन, तुहा बाप?"

हितेंद्रही तापलेला. "बापावर नको जाऊ समाधानभाऊ. बॅक पुढं गेला का मांगची जागा स्टॉपर पाह्यतो. मले असंच शिकवलं. मी एकट्यानं दोघांचं काम करू का?"

समाधानच्या हाताची मूठ वळली आणि सुटली. नानांनी मध्ये पडून दोघांना वेगळं केलं, पण हितेंद्रचं ते वाक्य त्यांच्या कानात कुसळासारखं अडकलं.

घरी आल्यावर समाधान न बोलता स्वयंपाकघरात गेला आणि दार लोटून घेतलं. हे रोजचंच होतं. लिलाबाई आत मुलाच्या गुडघ्याला कोमट तिळाचं तेल चोळायच्या. नानांना वाटायचं, आईचे लाड आहेत. खेळणाऱ्याचे पाय दुखायचेच. त्या दिवशी मात्र लिलाबाई बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "जास्त आहे का दुखणं?"

लिलाबाईंनी हात पदराला पुसले. "आज इचारता? तो प्रशील तर दर सामन्याच्या आदल्या दिवशी येऊन इचारायचा. काकू, भाऊचा गुडघा कसा आहे? सूज आहे का उतरली? म्या म्हने, याले काय करायचं एवढं!"

जेवताना नानांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

टोळीतली एक गोष्ट त्यांना माहीत होती. घड वाहणारे दोघं जोडीनं असले आणि त्यातला एक थकला, तर दुसरा काही न बोलता जड घड आधी स्वतः उचलतो. मुकादमाला कळत नाही. ट्रक वेळेवर भरला की मुकादमाचं पाहणं संपलं. असे जोडीदार नाना लांबून ओळखायचे, तशी त्यांची ख्यातीच होती. पण मैदानावर ते चेंडू पाहायचे. चेंडूपासून लांब कोण कुठं उभा आहे, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी यावलची जीप सकाळीच धुळ्याला पोचली. त्यांचा सामना दुपारचा होता. सकाळचा सामना प्रशीलच्या पोलीस तुकडीचा. नाना पोरांना चहा घ्यायला सोडून एकटेच जाऊन उभे राहिले.

त्यांनी आधी प्रशीलला ओळखलंच नाही. ते त्याला मागं शोधत होते आणि तो पुढं होता. डाव्या रेघेवरून तो असा सुटत होता की जणू दावं सोडलेलं वासरू. दोघांना चुकवून आत शिरला, क्रॉस टाकला, लगेच उलटा पळत आपल्या जागी आला, पुन्हा निघाला. मागं त्याच्या स्टॉपरनं नुसता हात केला की तो निर्धास्त जायचा. शेजारी उभा माणूस म्हणाला, "काय पोरगा आहे! इतके दिवस होता कुठं हा?"

जळगावला जिल्ह्याच्या निवडीला प्रशील दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: बचाव छान, पण पोरगा पुढं जात नाही, आजकाल असा बॅक चालत नाही. दुसऱ्या वेळी परतीच्या बसमध्ये नाना त्याला म्हणाले होते, "पायात जीव नही का रे तुह्या?" आणि तो खिडकीबाहेर पाहत बसला होता.

सामना संपल्यावर प्रशील धावत आला, पायाला हात लावायला वाकला. नानांनी त्याला वर उठवलं.

"आपल्याकडं असा काबरं नही खेळला तू?"

प्रशीलनं घाम पुसला. "तठी पुढं जाता येत नव्हतं नाना. मी गेलो असतो तर भाऊ उघडा पडला असता."

"कधीपासून?"

"त्याचा गुडघा पहिल्यांदा गेला, तवापासून. सात वर्षं झाली."

"अन तेजस?"

"तेजसले पुढं जायची हौसच नही. मांगंच राहीन. भाऊच्या बाजूले उभा राहीन, कुणाले समजणार बी नही." प्रशील थांबला. "भाऊकडं आहे काय दुसरं, नाना? दुकान बसलं. लोक त्याले कप्तान म्हणतात, तेवढंच."

नानांना वाटलं, आत्ताच जावं आणि तेजसला डावीकडं लावावं. प्रशीलनं सगळा विचार करून ठेवला होता. मुलाची अब्रू राहिली असती. गावात, धुळ्यात, कुणाला काही कळलं नसतं. हितेंद्रला बाहेर बसवायचं, दोंडाईच्याचं खापर त्याच्या डोक्यावर फोडायचं, की झालं. ते मैदानाच्या भिंतीला टेकून बराच वेळ उभे होते. समोर प्रशील मित्रांच्या घोळक्यात हसत होता. असं हसताना त्याला यावलात कुणी पाहिलं नव्हतं. हितेंद्र तिकडं एकटा बसून चेंडूशी चाळा करत होता.

मग ते संघाकडं आले. समाधान मोजे चढवत होता. नाना त्याच्यासमोर जमिनीवर बसले, म्हणजे बाप आणि मुलगा एका उंचीवर आले.

"समाधान, माणूस दे."

पोरांनी माना वळवल्या. समाधानला क्षणभर अर्थ लागला नाही. लागला तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला. "कोन्या जागेवर?"

"तुह्या."

"आज? धुळ्यात आणून, बठ्ठ्यांसमोर?"

"प्रशीलनं सात वर्षं तुह्यावाला घड उचलला रे. मले आज दिसलं. आता तो घड मी हितेंद्रच्या खांद्यावर देऊ का तेजसच्या?"

"मंग काढून टाका ना! माणूस काय मांगता?"

"काढायचं असतं तर यादीच वाचली असती. तू टोळीतला आहे. जाणारा माणूस देऊन जातो."

समाधाननं एकेक मोजा उतरवला. हितेंद्र खाली पाहत होता. शेवटी समाधान बापाकडं न पाहता म्हणाला, "तेजस." दंडावरची कप्तानाची पट्टी काढून त्यानं तेजसच्या मांडीवर टाकली, दिली नाही, टाकली, आणि लांब भिंतीशी जाऊन मैदानाकडं पाठ करून बसला.

सामना सुरू झाला. हितेंद्र पुढं गेला तशी मागं जागा उघडी पडली. लांब चेंडू तिथं आला. तेजस धावला नाही. ट्रकवर घड कुठं येणार हे ओळखून उभा राहायचा, तसा तो आधीच तिथं उभा होता. पण दुसऱ्या चेंडूला तो चुकीच्या बाजूला वळला, आणि भिंतीकडून तो जुना आवाज कडाडला, "तेजस, डावीकडं! खांदा पाह्य त्याचा, चेंडू नको पाहू!"

नानांनी मान वळवली. समाधान उभा होता, तोंड मैदानाकडं. दिलेल्या माणसाचं भलंबुरं आता त्याच्या डोक्यावर होतं.

तो शेवटपर्यंत ओरडत राहिला. यावल एका गोलानं हरलं, गोल उजवीकडून झाला. परतीला समाधान जीपमध्ये बसला नाही, बसनं येतो म्हणाला. पोरं वाटभर कुजबुजत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना ओट्यावर बसले होते. समाधान कामावरून आला. रोज तो थेट आत जायचा. आज तो ओट्यावरच बसला, पँट वर सरकवली आणि पाय बापासमोर लांब केला. गुडघा नारळाएवढा झालेला होता. इतकी वर्षं एका घरात राहून नाना तो पहिल्यांदा पाहत होते.

लिलाबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. नानांनी वाटी घ्यायला हात पुढं केला.

"राहू द्या," समाधान म्हणाला. "आई करीन."

नानांनी हात मागं घेतला. समाधान मात्र उठून आत गेला नाही.