मोटारीत शिरलेला नवरा

लातूरच्या एमआयडीसीत विरूपाक्षशेठच्या छापखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कामगार, त्यांच्या बायका, शेजारच्या डाळ मिलचे हमाल, सगळे टाचा उंचावून कागद कापायच्या मशीनकडे बघत होते. भूगर्भानंद महाराजांनी भस्माची मूठ फेकली, "शांत हो!" म्हणून आरोळी ठोकली आणि आठवडाभर हिसके देणारा रूळ जागच्या जागी थिजला. झाडून सगळ्यांनी हात जोडले.

नांदेडहून दुरुस्तीसाठी आलेली बुद्धप्रिया तेवढी हाताची घडी घालून उभी होती. कोचिंग क्लासचे प्रश्नसंच इथं छापले जात. आठवडाभर प्रश्न एका पानावर नि पर्याय दुसऱ्या पानावर कापले जात होते. त्यावर शेठनं हा इलाज शोधला होता!

"किल्लारीच्या भूकंपाला दहा वर्षं झाली, तरी आत्मे भटकून राहिले!" महाराजांनी बुबुळं फिरवली. "आमची भूगर्भाशी डायरेक लाईन हाय. ढिगाऱ्यात गेलेला नवरा हिच्या मागं आला आन् मोटारीत शिरला. ही गेली की तो बी जाईल."

बोट जगदेवीकडे होतं. सहा वर्षं ती हेच मशीन चालवत होती.

"उद्यापासून येऊ नको, बाई," शेठ खाली बघत म्हणाले.

"मी कुठं जाऊ, शेठ?"

बुद्धप्रियाच्या डोक्यात तिडीक गेली. आरोळीच्या क्षणी महाराजांच्या चेल्याचा हात पॅनेलवरच्या भगव्या कापडाखाली गेलेला तिनं पाहिला होता. पुढं होऊन तिनं कापड ओढलं.

"बघा शेठ, बटण बंद हाय. मोटार शांत न्हाई झाली, बंद केली. सरका सगळे मागं!"

तिनं बटण दाबताच रुळानं असा हिसका दिला की महाराज खडावांसकट कागदाच्या गठ्ठ्यावर चढले. हमाल खदखदून हसले.

"मग हिसके कशाचे?" शेठनं विचारलं.

"ही मोटार नवी दिसते. कधी बसवली?"

"सोमवारी."

"हिसके कधीपासून?"

शेठ मोटारीकडे वळले. "सोमवारपासूनच."

मोटार बंद करून बुद्धप्रियानं तिच्यावरची पट्टी वाचली. "मोटारीच्या मागं एन्कोडर असतो. रूळ किती फिरला ते तो आकड्यात सांगतो. ते ऐकून हा ड्राइव्हचा डबा मोटार चालवतो. आकडे सांगायच्या रीती लई. ड्राइव्हला चार-पाच येतात, पण कोणती ऐकायची ते आपल्याला सांगावं लागतं. जुनी मोटार साध्या बायनरीत सांगायची, नवी ग्रे कोड नावाच्या दुसऱ्या रीतीनं सांगते. देगलूरच्या बाजारात एकानं तेलुगूत भाव सांगावा आन् दुसऱ्यानं कन्नड समजून ऐकावा, तसं झालं."

तिनं ड्राइव्हची सेटिंग बदलली आणि जगदेवीला बोलावलं. जगदेवीनं मशीन सुरू केलं. रूळ गुळगुळीत फिरला. प्रश्न नि पर्याय एकाच पानावर आले.

"आमच्या भस्माचाच गुण!" महाराज गठ्ठ्यावरून ओरडले.

"मग जुनी सेटिंग परत करते. टाका भस्म."

महाराजांना एकदम दुसरीकडचा कार्यक्रम आठवला.

शेठनं सगळ्यांसमोर जगदेवीची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "माझा नवरा खरंच आला असता, तर मशीन बिघडवायला न्हाई, माझ्या बाजूनं बोलायला आला असता."

बुद्धप्रिया गर्दीकडे वळली. "बिघाड झाला की आधी विचारा, कालपासून आजपर्यंत बदललं काय? मेलेल्याला छळू नका आन् जित्या बाईवर आळ घेऊ नका. डोकं दिलंय ते वापरा!"