मदत लागते

"बाबांची किल्ली कुणाला विचारून घेतलीस?" ती जिन्यातूनच ओरडत वर आली. ती आणि दादा बाहेर असताना दाराची किल्ली नसली की बाबांना बाहेर पडून परत घरात येता येत नसे. म्हणजे घरातच डांबल्यासारखं.

"तुलाच विचारून," म्हणत दादाने एक कागद टेबलावर आपटला.

कागद तिचाच होता. वृद्धशास्त्राची पदवी ती घरबसल्या, ऑनलाइन करत होती. यंदाचं प्रात्यक्षिक म्हणजे घरातल्या एका ज्येष्ठाची पाहणी: अंघोळ, कपडे, जिना, बाहेर जाणं. पुढे दोन रकाने, 'स्वतः करतात' आणि 'मदत लागते'. बाबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ठणठणीत, रोज चौकात जाऊन पेपर आणणारे. पण ठणठणीत माणसाच्या काळजीवर चार पानं लिहायची कशी? म्हणून तिने लेक्चर मध्येच थांबवून धडाधड 'मदत लागते'वर खुणा केल्या. 'एकट्याने बाहेर जाणे धोक्याचे' असंही ठोकून दिलं. त्या वेळी बाबा शेजारच्या खोलीत शर्टाला बटण शिवत होते. तीसपैकी अठ्ठावीस मार्क पडले.

"ते सगळं खोटं आहे, दादा! मार्कांसाठी लिहिलं मी."

"ऑफिसात माझा जीव टांगणीला असतो, कुठे पडले तर म्हणून. आता शिकलेल्या माणसानेच लिहून दिलंय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दादाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. त्याच्या हातात आयतं कोलीत तिनेच दिलं होतं. तिने लॅपटॉप उघडला आणि त्याच्या नाकासमोर कोर्सच्या बाईंना लिहिलं: पाहणी खोटी आहे, मार्क रद्द करा.

"झालं समाधान? दे किल्ली."

"म्हणजे तू खोटं लिहितेस तर. मग आज खरं बोलतेस कशावरून?" किल्ली खिशात टाकून दादा कामावर निघून गेला.

बाबा बूट घालून खुर्चीत बसले होते. तिने कोरा फॉर्म काढला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, आता खरं खरं भरू. अंघोळ स्वतः करता?"

"दादाला दाखवणार?"

"हो."

बाबा वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"सगळं मी स्वतः करतो, हे महिनाभर त्याला सांगतोय. माझ्या तोंडचं त्याला पटत नाही, तुझ्या कागदावरचं पटतं. मग लिही की तुझं तूच. मला कशाला विचारतेस?"